प्रवेश आणि पैसा : बारावीनंतरच्या दोन प्रश्नांचा एकत्र आढावा

बारावीचा निकाल जवळ आला की घरोघरी दोन चर्चा सुरू होतात. कुठे नंबर लागेल, कोणती शाखा मिळेल, ही पहिली. फी किती, राहण्या-जेवणाचे काय, पैसे कुठून उभे करायचे, ही दुसरी. बहुतेक घरांत या चर्चा एकामागून एक होतात. आधी प्रवेश पक्का करू, मग पैशांचे बघू, असाच रिवाज आहे. महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाची व्यवस्था गेल्या चाळीस वर्षांत जशी घडत गेली, तिच्यात मात्र हे दोन प्रश्न एकमेकांत पुरते गुंतले आहेत. प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला यावर शिष्यवृत्ती मिळणार की नाही हे ठरते. कोणता दाखला कधी काढला यावर फी किती भरावी लागेल हे ठरते. या लेखात मुख्यतः अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक पदव्यांच्या अंगाने या व्यवस्थेची पार्श्वभूमी, आजचे नियम, त्यांवरचे मतभेद आणि न सुटलेले प्रश्न यांचा आढावा घेतला आहे. शेवटी विद्यार्थ्याने काय करावे, तेही क्रमाने मांडले आहे.

पार्श्वभूमी : वसतिगृहापासून न्यायालयापर्यंत

गरजू विद्यार्थ्याच्या शिक्षणाचा भार समाजाने उचलावा, हा विचार महाराष्ट्रात जुना आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि पुढे वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहांची रांगच लावली. खेड्यातल्या मुलाला शहरात पहिली अडचण राहण्याची आणि जेवणाची येते, हे त्यांनी ओळखले होते. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. तिला परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा व शिका’ हा तिसरा मार्ग रुजवला. वसतिगृह, अटीसह शिष्यवृत्ती आणि श्रमातून शिक्षण ही तिन्ही सूत्रे आजच्या योजनांतही सापडतात.

स्वातंत्र्यानंतर आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठी ईबीसी सवलत आली. महाविद्यालये बहुतेक शासकीय किंवा अनुदानित होती आणि फी नाममात्र होती. अडचण जागांची होती. पुण्याचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, मुंबईचे व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद अशा मोजक्या संस्थांत प्रवेश मिळाला नाही तर ऐपतदार घरांतील मुले देणगी भरून कर्नाटकात जात. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या आणि त्यांच्यासोबत देणगीही आली. ती रोखण्यासाठी १९८७ मध्ये राज्याने कॅपिटेशन फीविरोधी कायदा केला.

पुढची वीस वर्षे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला. उन्नीकृष्णन खटल्याच्या १९९३ च्या निकालाने ‘फ्री सीट’ आणि ‘पेमेंट सीट’ अशी विभागणी आली. २००२ च्या टी. एम. ए. पै निकालाने ती रद्द केली. खासगी संस्थांना स्वतःची फी ठरवण्याचा हक्क आणि वाजवी शिल्लक ठेवण्याची मुभा दिली, मात्र नफेखोरीला व देणगीला मनाई केली. २००५ च्या पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालाने विनाअनुदानित संस्थांवर राज्याला आरक्षण लादता येणार नाही असे म्हटले. त्यावर उपाय म्हणून ९३ वी घटनादुरुस्ती झाली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांच्या प्रवेशाचे आणि शुल्काचे नियमन करणारा कायदा केला. प्रवेश नियामक प्राधिकरण, शुल्क नियामक प्राधिकरण आणि राज्य सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) सेल ही आजची रचना या कायद्यावर उभी आहे.

प्रवेशाचे दरवाजे आणि त्यांची किंमत

पहिला दरवाजा केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे ‘कॅप’चा. सीईटी, नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी, ऑप्शन फॉर्म आणि मग एकामागून एक फेऱ्या, असा तिचा क्रम असतो. राज्याच्या बहुतेक शुल्क-सवलती या दरवाजाने आत आलेल्यांसाठीच आहेत.

दुसरा दरवाजा संस्थास्तरीय जागांचा. याला बोलीभाषेत ‘मॅनेजमेंट कोटा’ म्हणतात. महाविद्यालय तेच, वर्ग तोच, शिक्षकही तेच. पण या मार्गाने आलेल्या विद्यार्थ्याला राजर्षी शाहू शिष्यवृत्तीसारखी सवलत मिळत नाही. हवी ती शाखा मिळाली या आनंदात हा फरक अनेकांच्या लक्षातच येत नाही.

तिसरा दरवाजा खासगी आणि अभिमत विद्यापीठांचा. त्यांचे प्रवेश त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने होतात आणि अर्ज लवकर सुरू होतात. एप्रिल-मे मध्ये जागा ‘बुक’ करण्याचा आग्रह धरला जातो, तेव्हा कॅपची पहिली फेरीही झालेली नसते. राज्याच्या प्रमुख शुल्क-सवलतींतून ही विद्यापीठे वगळलेली आहेत, हे पैसे भरण्याआधी माहीत हवे.

चौथा दरवाजा पारंपरिक पदव्यांचा. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. यांच्या अनुदानित तुकड्यांची फी आजही सामान्य घराला झेपते. एकाच महाविद्यालयात त्याच मजल्यावर अनुदानित आणि विनाअनुदानित तुकड्या शेजारी-शेजारी भरतात आणि त्यांच्या फीत मोठी तफावत असते. अर्ज भरताना तुकडी कोणती, हा प्रश्न कार्यालयात विचारलाच पाहिजे. बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांनाही सीईटी लागू झाली. पहिल्याच वर्षी ही बातमी अनेकांपर्यंत उशिरा पोहोचली आणि पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली.

याखेरीज एक आडवाट आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि तिच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. या वाटेला सीईटी नाही आणि पदवीची फी चारऐवजी तीनच वर्षे भरावी लागते. ग्रामीण भागातील अनेक कुटुंबांनी ही वाट विचारपूर्वक निवडलेली दिसते.

गुण की परीक्षा : एक जुना वाद

प्रवेश कशावर द्यावा, यावर महाराष्ट्राने बरेच प्रयोग केले. एकेकाळी बारावीचे गुण पुरत. मग सीईटी आली. २०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकीसाठी जेईई मेन आणि बारावी यांना निम्मे-निम्मे वजन दिले गेले. २०१६ पासून पुन्हा एमएचटी-सीईटी आली. वैद्यकीय प्रवेशासाठी त्याच सुमारास ‘नीट’ देशभर लागू झाली.

सीईटीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा असा : राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई यांचे गुण एका मापाने मोजता येत नाहीत. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका ही त्यातल्या त्यात न्याय्य सोय आहे. एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत आणि अभ्यासक्रम राज्य मंडळाशी जोडलेला आहे. त्यामुळे जेईईपेक्षा ती गावाकडच्या विद्यार्थ्याला जवळची वाटते.

विरोधी बाजू म्हणते की परीक्षेमागे क्लास येतो आणि क्लासमागे पैसा येतो. कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि प्रत्यक्ष शिकणे क्लासमध्ये, असे ‘टायअप’ ठिकठिकाणी झाले. बारावीचा वर्ग ओस पडला. म्हणजे प्रवेशाचा खर्च पदवीच्या दोन वर्षे आधीच सुरू होतो आणि कोणतीही शिष्यवृत्ती योजना तो मोजत नाही. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने गुणांऐवजी पर्सेंटाइल दिले जातात. ते कसे काढले जातात याबद्दलची शंका दर वर्षी नव्याने पुढे येते.

दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट एकच : बारावीच्या गुणांना काहीतरी वजन असावे. किती असावे, यावर एकमत नाही.

ऑप्शन फॉर्म : जिथे निर्णय होतो

या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे ऑप्शन फॉर्म. त्याचे तत्त्व सरळ आहे. संगणक विद्यार्थ्याचा गुणवत्ता क्रमांक घेतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा मिळते तिथे थांबतो. त्यामुळे गेल्या वर्षीच्या कटऑफला घाबरून आवडते महाविद्यालय खाली ढकलण्यात काही लाभ नाही. जे खरोखर हवे तेच वर लिहावे. पसंती वर लिहिली म्हणून खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही.

मात्र एक नियम नीट वाचावा लागतो. २०२५-२६ मध्ये अभियांत्रिकीसाठी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती स्वीकारणे बंधनकारक होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हेच लागू होते. अशी जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेरीत सुधारणेची संधी राहत नाही. म्हणून ज्या महाविद्यालयाची फी परवडणारच नाही, ते ‘बघू तरी लागते का’ म्हणून वर लिहिणे महागात पडते. नियम दर वर्षी बदलू शकतात. सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका हाच अंतिम आधार.

याच फॉर्ममध्ये टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा असतात. मंजूर जागांच्या ५ टक्के अशा या अतिरिक्त जागा आणि उत्पन्नाची मर्यादा ₹८ लाख. त्यांना स्वतंत्र कोड असतो. तो कोड वेगळी पसंती म्हणून भरला नाही तर पात्र असूनही ही जागा मिळत नाही. या जागांचा कटऑफ चढा असतो आणि नंतर महाविद्यालय किंवा शाखा बदलता येत नाही.

कागदपत्रे : आठ लाखांचे दोन अर्थ

शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमी लेयर, ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते. ही यादी बहुतेकांना पाठ असते. चुकते ते वेळेत. सेतू केंद्रात निकालानंतर गर्दी होते. जात वैधतेसाठी जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे वडील-आजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधून द्याव्या लागतात आणि एखाद्या गावच्या जुन्या रजिस्टरसाठी दोन-दोन महिने जातात. म्हणून वैधतेचा अर्ज अकरावीतच झाला पाहिजे.

उत्पन्नाच्या बाबतीत एक गुंता कायम होतो. नॉन-क्रीमी लेयरची मर्यादा ₹८ लाख आणि शिष्यवृत्तीचीही ₹८ लाख. आकडा एकच असला तरी मोजणी वेगळी आहे. नॉन-क्रीमी लेयरसाठी तीन वर्षांचे उत्पन्न पाहतात आणि त्या कसोटीत पगार व शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे सर्व मार्गांचे उत्पन्न धरतात. त्यामुळे शिक्षकाच्या मुलीला नॉन-क्रीमी लेयरचे प्रमाणपत्र मिळते, ओबीसीतून जागाही मिळते, पण फीची सवलत नाकारली जाते. हे आधी कळले तर घर तशी तजवीज करू शकते.

आणखी एक हक्क लक्षात ठेवावा. मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयाने ठेवून घेऊ नयेत आणि ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केल्यास फी परत करावी, असे यूजीसी आणि एआयसीटीई यांचे नियम आहेत. मूळ कागद दाखवायचे, तपासून घ्यायचे आणि परत आणायचे.

फी आणि सवलत : एका उदाहरणाने

विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. संस्थेचा लेखापरीक्षित खर्च हा तिचा आधार असतो. तिचे ठळक भाग दोन : शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. हा फरक कळला की सवलतींचे गणित सुटते.

राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत ₹८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्याला शिक्षण शुल्काच्या आणि परीक्षा शुल्काच्या ५० टक्के रक्कम मिळते. एका कुटुंबातील दोनच अपत्यांना हा लाभ आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी प्रवर्गांतील, याच उत्पन्नमर्यादेतील मुलींसाठी ही सवलत १०० टक्के केली. त्यासाठी वर्षाला ₹९०६ कोटींचा वाढीव खर्च शासनाने गृहीत धरला. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी स्वतंत्र योजना आहेत. या बहुतेकांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात आणि दर वर्षी नूतनीकरण करावे लागते.

आता समजा, एका महाविद्यालयाची वार्षिक फी ₹१,३५,००० आहे. त्यात शिक्षण शुल्क ₹१,२०,००० आणि विकास शुल्क ₹१५,०००. राहणे-जेवणे महिन्याला ₹९,००० धरले तर दहा महिन्यांचे ₹९०,००० होतात. परीक्षा शुल्क बाजूला ठेवू. संस्थास्तरीय जागेवर आलेल्या विद्यार्थ्याला वर्षाला ₹२,२५,००० लागतील. कॅपमधून आलेल्या, शाहू शिष्यवृत्तीस पात्र मुलाला ₹१,६५,००० लागतील. पूर्ण सवलत असलेल्या मुलीला किंवा टीएफडब्ल्यूएसच्या जागेवरील विद्यार्थ्याला ₹१,०५,००० लागतील. चौघे एकाच बाकावर बसतील, पण चार वर्षांत पहिल्याचा आणि शेवटच्या दोघांचा खर्च यांत ₹४,८०,००० चा फरक पडेल. आणि ज्या मुलीची फी ‘माफ’ आहे, तिच्या घरालाही वर्षाला लाखभर रुपये उभे करायचेच आहेत.

राहणे-जेवणे : निम्मा प्रश्न

या शेवटच्या आकड्यामुळेच अलीकडच्या चर्चेत निर्वाहाचा प्रश्न पुढे आला. पुण्यात कॉट बेसिसवर खोली, मेसचा महिना, डिपॉझिट, बसचा पास हे सारे रोखीने आणि आगाऊ द्यावे लागते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ मध्ये सुरू झाली. तिच्यात मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला ₹६०,०००, इतर महापालिका क्षेत्रांत ₹५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ₹४३,००० अशी रचना झाली. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना, ओबीसी, विमुक्त व भटक्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

शासनाबाहेर समाजानेही हा भार उचलला आहे. पुण्याच्या विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहे १९५५ पासून ग्रामीण मुलामुलींना आधार देत आली आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना भाऊराव पाटलांच्याच नावाने चालते. वसतिगृहांचे अर्ज साधारणपणे निकालाच्या आसपास सुरू होतात. महाविद्यालय पक्के होण्याची वाट पाहत बसले तर मुदत निघून जाते.

कर्ज : आधार आणि ओझे

सवलत संपते तिथे कर्ज सुरू होते. भारतीय बँक संघाच्या नमुना योजनेनुसार ₹४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा किंवा तारण लागत नाही. ₹७.५ लाखांच्या वर तारण मागितले जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांतील (सुरुवातीला ८६०) विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज आणि ₹८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ₹१० लाखांच्या कर्जापर्यंत ३ टक्के व्याज सवलत अशी तिची रचना आहे. ₹४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी, व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांच्या काळातील व्याज केंद्राने भरण्याची योजना २००९ पासून आहे. राज्यातील इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परतावा योजनाही आहे. गोव्यात तर शासनाच्या शिक्षण विकास महामंडळातर्फे बिनव्याजी शैक्षणिक कर्ज मिळते. महाराष्ट्रातील चर्चेत हा दाखला पुढे ठेवावा असा आहे.

कर्जाचे गणित सही करण्याआधी मांडून पाहावे. दर वर्षी ₹१.५ लाख असे चार वर्षांत ₹६ लाख घेतले, व्याज १० टक्के सरळ धरले आणि परतफेड शिक्षणानंतर एक वर्षाने सुरू झाली, तर तोवर ₹२.१० लाख व्याज साचते. ₹८.१० लाखांचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ₹१०,७०० येतो. तेच व्याज शिकतानाच भरत गेले तर हप्ता सुमारे ₹७,९०० वर राहतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला ₹१,२५० असते, चौथ्या वर्षी ₹५,००० होते. ज्या घराला हे झेपते त्याने जरूर भरावे.

कर्जाबाबत दोन भूमिका आहेत. एका मते पदवीचा लाभ विद्यार्थ्याला मिळतो, तेव्हा खर्चाचा वाटा त्याने भावी उत्पन्नातून उचलणे योग्य आहे. त्यामुळे सरकारचा पैसा सर्वांत गरजूंसाठी मोकळा होतो. दुसऱ्या मते नोकरीची खात्री नसताना एकोणिसाव्या वर्षी घेतलेले कर्ज मुलाची निवडच बदलून टाकते. संशोधन, शिक्षकी, गावाकडचे काम या वाटा आपोआप बंद होतात. ज्या घरात आधीच पीककर्ज आहे तिथे दुसऱ्या कर्जाची भीती खरी असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि दोन्ही एकाच घराला एकाच वेळी लागू पडू शकतात.

मदत कुणाच्या हाती द्यावी?

धोरणातला आजचा सर्वांत जिवंत वाद हा आहे. पूर्वी शिष्यवृत्तीची रक्कम संस्थांकडे जाई. खोट्या नावांवर पैसे उचलल्याच्या तक्रारी आल्या आणि थेट विद्यार्थ्याच्या खात्यात रक्कम देण्याची पद्धत आली. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा ठरला आणि केंद्राचा वाटा सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला.

या पद्धतीच्या समर्थकांना पारदर्शकता महत्त्वाची वाटते. पैसा कुणाला मिळाला हे दिसते आणि विद्यार्थी उपकृत न राहता हक्काने फी भरतो. संस्थाचालक सांगतात की रक्कम उशिरा येते, कधी घरच्या दुसऱ्या गरजेत खर्च होते आणि शिक्षकांचे पगार थकतात. विद्यार्थी संघटना म्हणतात की या उशिराची झळ शेवटी विद्यार्थ्यालाच बसते. पात्र विद्यार्थ्याकडून आगाऊ फी मागू नये असे शासनाने वेळोवेळी बजावले, तरी प्रवेशाच्या खिडकीवर ‘आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ असे ऐकू येते.

दुसरा मतभेद लाभार्थींचा. मुलींना पूर्ण सवलत देण्यामागे, घरात पैसा कमी पडला की आधी मुलीचे शिक्षण थांबते, हा विचार आहे. तो बिनतोड आहे. तेवढ्याच गरीब घरातल्या मुलाचे काय, हा प्रश्नही गांभीर्याने विचारला जातो. काहींना जातीच्या आधारावरच्या सवलती टिकवून उत्पन्नाची कसोटी सैल करावीशी वाटते, काहींना उत्पन्न हाच एकमेव निकष हवा आहे. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की उत्पन्नाचा दाखला फसवा असू शकतो. सामाजिक वंचना कागदावर लपवता येत नाही.

अनिर्णित राहिलेले

चार प्रश्न अजून उघडे आहेत. पहिला वेळेचा : फी जुलै-ऑगस्टमध्ये भरायची आणि मदत पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षभराने यायची. ही मधली पोकळी कोण भरणार? दुसरा, नियमनाबाहेरच्या खासगी विद्यापीठांचा : त्यांतील वाढत्या जागांवर बसणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना राज्याने मदत करावी, की ज्या फीवर राज्याचे नियंत्रण नाही तिथे सार्वजनिक पैसा जाऊ नये? तिसरा, निर्वाहाचा : भत्त्याची रक्कम ठरते एका वर्षी आणि खोलीचे भाडे वाढते दर वर्षी. चौथा, माहितीचा : कटऑफ सर्वांना ठाऊक असतो, पण सवलत वजा जाता आपल्याला नेमके किती भरावे लागेल, हे प्रवेशाच्या वेळी कुणीही एका ठिकाणी सांगत नाही. प्रवेश एका खात्याकडे, शिष्यवृत्ती तीन-चार खात्यांकडे, कर्ज बँकेकडे. त्यांची बेरीज विद्यार्थ्याच्या घरात होते, तीही बहुधा प्रवेश झाल्यावर.

विद्यार्थ्यासाठी क्रम

या सगळ्यातून जो मार्ग निघतो तो असा. अकरावीत जात वैधतेचा अर्ज करावा आणि अधिवास प्रमाणपत्र काढावे. बारावीच्या जानेवारीपर्यंत सीईटी, नीट, सीयूईटी यांपैकी लागतील त्या परीक्षांची नोंदणी पाहावी. नाव आणि जन्मतारीख आधार, दाखला व अर्ज यांत तंतोतंत एक आहे ना, हे तपासावे. एप्रिलमध्ये नव्या आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस काढावे आणि बँक खाते आधारशी जोडावे. मे-जूनमध्ये वसतिगृहांचे आणि ट्रस्टच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरावेत. बँकेत जाऊन कर्जाच्या अटी लेखी घ्याव्यात. खासगी विद्यापीठात आगाऊ रक्कम भरण्याआधी परताव्याची तारीख आणि कपात लेखी मागावी.

ऑप्शन फॉर्मच्या आदल्या दिवशी घरातल्या सर्वांनी बसून एक तक्ता करावा : प्रत्येक महाविद्यालयासमोर शिक्षण शुल्क, विकास शुल्क, मिळणारी सवलत, राहणे-जेवणे आणि चार वर्षांची बेरीज. सवलत उशिरा आली तर पहिल्या सहा महिन्यांचा पैसा कुठून येईल, हाही रकाना त्यात असावा. प्रवेश झाला की त्याच आठवड्यात महाडीबीटीचा अर्ज भरावा, महाविद्यालयाच्या लिपिकाने तो पुढे पाठवला का ते पाहावे आणि प्रत्येक पावती जपावी.

हा तक्ता खरे तर सीईटी सेलने ऑप्शन फॉर्मसोबतच दाखवायला हवा. विद्यार्थ्याचा प्रवर्ग, उत्पन्न आणि प्राधिकरणाने ठरवलेली फी हे तिन्ही सरकारी नोंदींत आहेत. पात्रतेनुसार अंदाजे देय रक्कम प्रत्येक पसंतीपुढे छापून आली, तर वर मांडलेले सगळे वाद मिटणार नाहीत, पण कर्ज काढायचे की गावाजवळच्या महाविद्यालयात जायचे, हा निर्णय सतरा-अठरा वर्षांची मुलगी आणि तिचे आई-वडील डोळसपणे घेऊ शकतील. ते होईपर्यंत हे काम कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांनी आणि गावातल्या शिकलेल्या मंडळींनी अंगावर घ्यावे. मे महिन्यातला एक रविवार आणि प्राधिकरणाने ठरवलेल्या शुल्कांची यादी एवढे त्याला पुरेसे आहे.